बर्फ काढल्यावरचा खेळ

आइस हॉकीचं मोठं बंदिस्त स्टेडियम बांधायला अमाप पैसा लागतो, आणि ते कमावतं फक्त हिवाळ्यात. १९३० च्या सुमारास माँट्रियलमधल्या हॉकी संघमालकांची नेमकी हीच पंचाईत झाली होती. जगभर मंदी होती, कर्जाचे हप्ते थांबत नव्हते आणि उन्हाळा आला की बर्फ काढून टाकलेली ती प्रचंड रिंगणं नुसती कुलपात पडून राहायची. माँट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाचे मालक लिओ डँड्युरँड आणि जोसेफ कॅटॅरिनिच यांनी त्यावर तोडगा काढला. कॅनडात लॅक्रॉस हा जाळीच्या काठीने चेंडू गोलमध्ये टाकण्याचा जुना, लोकप्रिय मैदानी खेळ होता. ते मैदान सोडून द्यायचं, खेळाडू कमी करायचे आणि तोच खेळ हॉकीच्या रिंगणात, छपराखाली, तिकीट लावून खेळवायचा. १९३१ च्या उन्हाळ्यात चार संघांची व्यावसायिक लीग उभी राहिली: माँट्रियल कॅनेडियन्स, माँट्रियल मरून्स, टोरँटो मेपल लीफ्स आणि कॉर्नवॉल कोल्ट्स. पहिली तिन्ही नावं हॉकीतून जशीच्या तशी उचललेली, कारण प्रेक्षकही तिथूनच आणायचा होता.

ही लीग फार काळ टिकली नाही. खेळ मात्र टिकला, आणि इतका फोफावला की काही वर्षांतच कॅनडात मैदानी लॅक्रॉस जवळपास नाहीसा झाला. १९३२ पासून कॅनडाच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा मान कप या बंदिस्त खेळासाठी दिला जाऊ लागला. आज कॅनडात कुणी नुसतं ‘लॅक्रॉस’ म्हणालं तर बहुधा हाच खेळ अभिप्रेत असतो. बाहेरचे लोक त्याला इनडोअर लॅक्रॉस म्हणतात, खेळणारे म्हणतात बॉक्स लॅक्रॉस.

या खेळाचे नियम पहिल्यांदा वाचले तर विचित्र वाटतात. गोल एवढासा का? गोलकीपर इतका अवाढव्य का? दोन्ही हातांत काठी आडवी धरून माणसाला ढकलणं कायदेशीर कसं? सगळे जण सारखे आत-बाहेर का पळतात? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या रिंगणातच आहे. मोकळ्या कुरणावरचा खेळ चार भिंतींत आणून बसवला, की त्याला प्रत्येक ठिकाणी नव्याने घडी घालावी लागते. बॉक्स लॅक्रॉसचे नियम म्हणजे या घड्या आहेत.

पण आधी कुरणाबद्दल बोलायला हवं, कारण हा खेळ काही माँट्रियलच्या व्यापाऱ्यांचा नाही. आजच्या न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग आणि कॅनडाचे ओंटॅरिओ, क्युबेक प्रांत या टापूत राहणाऱ्या हौदेनोशोनी लोकांचा तो आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ. युरोपीय लोक त्यांना इरक्वॉय म्हणत आले. त्यांच्या श्रद्धेनुसार हा खेळ सृष्टिकर्त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी दिला, आणि म्हणून तो नुसता खेळ नसून औषध आहे. गावात कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी सामना खेळतात. हिकोरी नावाच्या चिवट लाकडाची काठी, एका टोकाला वाकवून चामड्याच्या दोऱ्यांनी विणलेली जाळी. मुलगा जन्मला की त्याच्याजवळ छोटी काठी ठेवायची आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्यासोबत द्यायची, अशी तिथली रीत.

एकोणिसाव्या शतकात माँट्रियलच्या गोऱ्या तरुणांनी हा खेळ उचलला. विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने १८६७ मध्ये त्याचे नियम छापले, मैदानाची आणि संघाची मापं ठरवली. १८७६ मध्ये बिअर्स काहनवागे या मोहॉक वस्तीतल्या खेळाडूंना घेऊन इंग्लंडला गेला आणि व्हिक्टोरिया राणीसमोर सामना झाला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८८० मध्ये, कॅनडाच्या लॅक्रॉस संघटनेने फक्त हौशी खेळाडूंनाच राष्ट्रीय स्पर्धेत घ्यायचं ठरवलं. मूलनिवासी खेळाडू प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी पैसे घेत, म्हणून ते ‘व्यावसायिक’ ठरले आणि स्वतःच्याच खेळातून बाहेर फेकले गेले. बॉक्स लॅक्रॉस आला तेव्हा तो उघडउघड पैशांचा खेळ होता, त्यामुळे हा सोवळेपणा तिथे चालला नाही. १९३० च्या दशकात हौदेनोशोनी खेळाडू रिंगणात परतले. त्यांतला एक होता ओंटॅरिओतल्या ग्रँड रिव्हर वसाहतीतला हॅरॉल्ड स्मिथ. पुढे तो जे सिल्व्हरहील्स या नावाने हॉलिवूडमध्ये गेला आणि ‘द लोन रेंजर’ या टीव्ही मालिकेतला टोंटो म्हणून घराघरांत पोचला.

आता रिंगणात उतरू.

उत्तर अमेरिकेतलं हॉकीचं रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं, कोपरे गोलाकार. मैदानी लॅक्रॉसच्या मैदानाशी तुलना केली तर ही जागा चौथ्या हिश्शाहून थोडीच जास्त भरते. भोवती साधारण कंबर-छातीच्या उंचीचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा कठडा आणि त्यावर काच. व्यावसायिक नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये, म्हणजे एनएलएलमध्ये, जमिनीवर कृत्रिम हिरवळ अंथरतात. कॅनडाच्या उन्हाळी लीगमध्ये बर्फाखालचं काँक्रीट उघडं पडतं, त्यावरच खेळ होतो. तिथे पडणं म्हणजे काय याची कल्पना कोपरं-गुडघे फुटलेल्या कुणालाही करता येईल.

प्रत्येक संघाचे सहा जण एका वेळी आत: पाच धावणारे आणि एक गोलकीपर. सुरुवातीच्या काळात सातवा गडी असायचा, तो १९५० च्या दशकात काढून टाकला, कारण गर्दी फार व्हायची. मैदानी प्रकारात दहा-दहा खेळतात आणि चेंडू रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो. इथे कठडाच रेषा आहे. चेंडू त्यावर आपटून परत येतो आणि खेळ चालू राहतो. हा फरक वरवर छोटा दिसतो, पण सगळी गती याच्यातून येते. चांगले खेळाडू कठड्याचा सहाव्या गड्यासारखा वापर करतात: गोलमागच्या कठड्यावर मुद्दाम चेंडू मारायचा आणि तो उडून येतो तिथे आपला माणूस आधीच उभा. चेंडू कठडा ओलांडून प्रेक्षकांत गेला तरच खेळ थांबतो, आणि ज्याने तो शेवटचा मारला त्याच्या विरुद्ध संघाला मिळतो.

चेंडू घट्ट रबराचा. व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमपेक्षा थोडं कमी. काठी ४० ते ४६ इंच. मैदानी प्रकारात बचावपटूंना सहा फुटांपर्यंत लांब दांडा चालतो, इथे सगळ्यांच्या काठ्या आखूड, कारण लांब दांडा फिरवायला जागाच नाही. गोलकीपरची काठी मात्र वेगळी, तिचं तोंड सुपासारखं रुंद, १५ इंचांपर्यंत. आजकाल बहुतेकांच्या काठीचा दांडा धातूचा किंवा कार्बनचा आणि तोंड प्लॅस्टिकचं असतं. पारंपरिक लाकडी काठी आता क्वचितच दिसते.

चेंडू जाळीत नुसता ठेवून पळता येत नाही, तो पहिल्याच धक्क्याला उडून जाईल. म्हणून मनगटं सतत डुलवत राहावी लागतात, की चेंडू जाळीच्या खोलगटात दबून राहतो. हे कौशल्य अंगात मुरायला वर्षं जातात आणि मुरलं की ते दिसेनासं होतं. गोलकीपर सोडून कुणीही चेंडूला हात लावायचा नाही. पायाने ढकलला तर चालतो. जाळी किती खोल विणायची यावरही बंधन आहे: खोल जाळीतून चेंडू काढून घेणं अशक्य होईल, म्हणून काठी उलटी केल्यावर चेंडू सहज घरंगळून बाहेर पडला पाहिजे. पंचांना काठी तपासण्याचा अधिकार असतो आणि ती नियमबाह्य निघाली तर शिक्षा होते.

आता तो एवढासा गोल. एनएलएलमध्ये तो चार फूट उंच आणि चार फूट नऊ इंच रुंद असतो. मैदानी लॅक्रॉसचा गोल सहा बाय सहा फुटांचा. म्हणजे बॉक्सचा गोल क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहून किंचितच मोठा. आणि त्यासमोर उभा असतो पायापासून खांद्यापर्यंत पॅड चढवलेला, दाराची चौकट भरून टाकणारा माणूस. काही फुटांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचा चेंडू येणार असेल तर तो पाहून हात नेण्याएवढा वेळ नसतो. गोलकीपरचं काम म्हणजे योग्य जागी उभं राहून कोन बंद करणं, चेंडू अंगावर घेणं. उघडा राहतो तो काखेखाली, खांद्यावरून, पायांच्या मधून दिसणारा वीतभर कवडसा.

यातून एक सुंदर गोष्ट घडली. गोल लहान आणि गोलकीपर मोठा झाल्यामुळे ताकद निरुपयोगी झाली आणि फसवणूक कामाची ठरली. बॉक्समधला चांगला गोल करणारा खेळाडू चेंडू फेकायच्या आधी एकदा, दोनदा, कधी तीनदा फेकल्याचा आव आणतो. गोलकीपर हलला की वीतभर जागा उघडते. पाठीमागून काठी फिरवून, दोन पायांमधून, खालून वर असे फटके मारण्याची पद्धत इथूनच आली. अमेरिकेतल्या मैदानी खेळाडूंनी ती नंतर उचलली. गोलपेक्षा बचाव पाहायला आवडणाऱ्यांची संख्या कमीच असेल, पण माझ्या मते बॉक्स लॅक्रॉसमधला गोलकीपर हा कुठल्याही सांघिक खेळातला सर्वांत कमी कौतुक झालेला माणूस आहे. एका सामन्यात दहा-बारा चेंडू त्याला चकवून जातात आणि तरी तो सामना जिंकून देतो.

गोलभोवती साधारण नऊ फूट त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार पट्टा आखलेला असतो. याला क्रीज म्हणतात. आक्रमकाने त्यात पाय टाकायचा नाही. पाय टाकून केलेला गोल बाद, आणि चेंडू समोरच्यांकडे. क्रीज नसती तर पाचही जण गोलकीपरच्या अंगावर जाऊन उभे राहिले असते. पण या नियमाला एक फट आहे आणि तीच खेळातली सर्वांत देखणी जागा आहे. क्रीजच्या वरची हवा क्रीजमध्ये मोजत नाहीत. त्यामुळे क्रीजबाहेर पाय रोवून झेप घ्यायची, हवेत आडवं असतानाच चेंडू आत टाकायचा आणि मग क्रीजमध्ये आदळायचं. चेंडू आधी आत गेला आणि शरीर नंतर जमिनीला लागलं तर एनएलएलमध्ये गोल मान्य होतो, मात्र गोलकीपरला धडकायचं नाही. पंचांना हे एका क्षणात ओळखावं लागतं, आणि पुष्कळदा व्हिडिओ परत परत पाहावा लागतो.

गोलकीपरलाही क्रीजचे हिशेब पाळावे लागतात. चेंडू अडवल्यावर तो काही सेकंदांतच बाहेर काढला पाहिजे, उराशी धरून बसता येत नाही. आणि एकदा बचावपटू चेंडू घेऊन क्रीजबाहेर आला की तोच चेंडू घेऊन परत आत शिरायचं नाही. नाहीतर कुणी घेरलं की लगेच घरात पळ, असा प्रकार झाला असता.

एनएलएलमध्ये सामना १५ मिनिटांच्या चार भागांत होतो. प्रत्येक भागाची सुरुवात आणि प्रत्येक गोलनंतरची सुरुवात मधल्या वर्तुळात होते. दोन खेळाडू वाकून काठ्या जमिनीवर ठेवतात, पंच चेंडू त्यांच्या मधोमध ठेवतो, शिट्टी वाजते आणि दोघं काठी दाबून, वळवून, खेचून चेंडू आपल्याकडे ओढायचा प्रयत्न करतात. याला फेस-ऑफ म्हणतात. दोन्ही संघांचे मिळून वीस-पंचवीस गोल सहज होत असल्यामुळे ही झटापटही तितक्याच वेळा होते, आणि काही खेळाडू फक्त यासाठीच संघात असतात.

चेंडू मिळाला की घड्याळ मागे लागतं. एनएलएलमध्ये ८ सेकंदांच्या आत मधली रेषा ओलांडायची. एकदा ओलांडली की चेंडू परत आपल्या अर्ध्यात न्यायचा नाही. आणि ३० सेकंदांत गोलवर फटका मारायचाच. ज्याला कबड्डीतली ३० सेकंदांची चढाई माहीत आहे, त्याला या घड्याळाचं मर्म समजावून सांगावं लागणार नाही: वेळ कमी असल्यामुळे निर्णय टाळता येत नाही. फरक एवढाच की इथे घड्याळ पुन्हा सुरू करून घेता येतं. फटका गोलकीपरला किंवा गोलच्या खांबाला लागून चेंडू परत तुमच्याच संघाकडे आला तर नवे ३० सेकंद. पण फटका गोलपासून चुकून मागच्या कठड्यावर आदळला आणि तुम्ही तो पुन्हा पकडलात, तर चेंडू तुमचा, घड्याळ जुनंच. कठडा चेंडू परत देतो, वेळ परत देत नाही. घड्याळ संपलं की चेंडू समोरच्यांकडे.

या ३० सेकंदांत पाच जण काय करतात? बघणाऱ्याला आधी नुसती धक्काबुक्की दिसते. थोडं थांबलं की रचना दिसू लागते. डावखुरे खेळाडू आक्रमकाच्या दृष्टीने उजव्या बाजूला उभे राहतात आणि उजव्या हाताचे डाव्या बाजूला. कारण मग काठी कठड्याच्या बाजूला न राहता रिंगणाच्या मध्याकडे राहते, आणि फटक्याला गोलचा जास्त भाग दिसतो. प्रत्येक जण आपली बाजू सहसा सोडत नाही. त्यामुळे बॉक्स संघाला डावखुरे खेळाडू हुडकूनच आणावे लागतात. मग एक जण थांबून सहकाऱ्याच्या बचावपटूची वाट अडवतो, सहकारी सुटतो, अडवणारा स्वतः वळून गोलकडे धावतो. उभं राहून अडवलं तर चालतं, चालता चालता अडवलं तर चेंडू गेला. बास्केटबॉल पाहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल आणि ते खरंही आहे. बॉक्स लॅक्रॉसचा आक्रमणाचा आराखडा बास्केटबॉलच्याच जातीचा आहे.

आणि मग ती सारखी आत-बाहेर पळापळ. खेळ न थांबवता खेळाडू बदलता येतात. बाकावर बसलेले गडी कठड्याच्या दारापाशी तयार असतात. बाहेर येणारा बाकाजवळ पोचला की आत जाणारा सुटतो. बहुतेक खेळाडू एकतर फक्त आक्रमण करतात किंवा फक्त बचाव. चेंडू हरवला की आक्रमणाचे पाच जण जीव तोडून बाकाकडे धावतात आणि बचावाचे पाच जण दुसऱ्या दारातून आत घुसतात. बदल एक सेकंद जरी चुकला तरी समोरचा एकटा गोलकडे निघालेला असतो, आणि सहाच्या ऐवजी सात जण आत सापडले तर शिक्षा. दोन्ही कामं करणारे मोजके खेळाडू असतात आणि ते संघात सर्वांत जास्त दमतात. पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत गोलकीपरलाच बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा आक्रमक पाठवतो. मग रिकाम्या गोलवर समोरच्याने अर्ध्या रिंगणातून चेंडू टाकला तरी प्रेक्षक उभे राहतात.

धक्क्याचे नियम हा बॉक्स लॅक्रॉसचा बदनाम भाग. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला दोन्ही हातांत काठी आडवी धरून तिच्या मधल्या भागाने ढकलणं इथे कायदेशीर आहे. मैदानी प्रकारात ही शिक्षेची बाब आहे. नियम असा की धक्का खांद्याखाली आणि कंबरेवर, समोरून किंवा बाजूने द्यायचा. मानेवर, डोक्यावर, पाठीमागून आणि कठड्यावर आपटेल असा देणं गुन्हा. काठीने माणसावर वार करणं, काठीत काठी अडकवून धरून ठेवणं, पाय घालून पाडणं हेही गुन्हे. मैदानात बचावपटूकडे लांब काठी आणि मागे सरकायला जागा असते. रिंगणात दोन्ही नसतात. समोरचा गोलपासून दहा फुटांवर आला की त्याला छातीने आणि काठीने थोपवणं हाच बचाव, म्हणून हा धक्का नियमात बसवला. यामुळे बॉक्स खेळाडू धक्का खाता खाता चेंडू सांभाळायला शिकतात. हॉकीतला सर्वांत मोठा खेळाडू मानला जाणारा वेन ग्रेट्स्की लहानपणी ओंटॅरिओतल्या ब्रँटफर्डमध्ये बॉक्स लॅक्रॉस खेळायचा, आणि अंगावर येणाऱ्या धक्क्यातून वळून निसटायचं कसं हे त्याने इथेच शिकल्याचं तो सांगत आला आहे.

शिक्षा दोन तऱ्हेच्या. किरकोळ चुकीला, उदाहरणार्थ चालता अडथळा किंवा क्रीजमध्ये पाय, चेंडू समोरच्यांना देऊन भागतं. माणसाला इजा होईल अशा चुकीला खेळाडू शिक्षेच्या बाकावर जातो आणि संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळतो. साधी शिक्षा २ मिनिटांची, गंभीर ५ मिनिटांची. साध्या शिक्षेत समोरच्याने गोल केला की ती तिथेच संपते. चूक करणाऱ्या संघाकडे त्या क्षणी चेंडू नसेल तर पंच हात वर करून थांबतो आणि खेळ चालू देतो. चेंडू त्यांच्याकडे गेला की मगच शिट्टी. ही हॉकीकडून आलेली शहाणी सवय.

हॉकीकडून आलेली दुसरी सवय तेवढी शहाणी नाही. एनएलएलमध्ये दोन खेळाडू हातमोजे काढून मारामारी करू लागले, तर बहुतेक वेळा दोघांना ५-५ मिनिटं बाकावर बसवून सामना पुढे सरकतो. मारामारीचे समर्थक म्हणतात की त्यामुळे काठीचे वार कमी होतात. मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. खेळात एवढी उत्कंठा असताना तिकीट विकायला ठोसे लागत असतील तर दोष विक्रीत आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मारामारी करणाऱ्याला थेट बाहेर काढतात आणि तिथले सामने त्यामुळे काही मिळमिळीत झालेले नाहीत.

बरोबरी झाली तर जादा वेळ आणि जो पहिला गोल करेल तो जिंकला.

एनएलएलची सुरुवात १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या चार संघांनी झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. १९९८ पासून हे नाव आलं. हिवाळा ते वसंत असा तिचा हंगाम. सामने मुख्यतः आठवड्याच्या शेवटी, कारण बहुतेक खेळाडू शिक्षक, अग्निशामक किंवा सुतार असे काहीतरी असतात आणि सोमवारी कामावर जातात. अलीकडच्या काळात बफेलो बँडिट्स या संघाने २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन वेळा विजेतेपद मिळवलं. उन्हाळ्यात त्यांतले बरेच खेळाडू कॅनडाच्या प्रांतिक लीगमध्ये मान कपसाठी खेळतात. हा कप सोन्याचा, रेल्वे बांधणारे सर डोनाल्ड मान यांनी १९१० मध्ये दिलेला.

तरुणांच्या स्पर्धेचा कप त्याहून जुना, १९०१ चा, आणि त्याचं नाव मराठी वाचकाला इतिहासाच्या पुस्तकातून चांगलंच ठाऊक आहे: मिंटो कप. होय, मोर्ले-मिंटो सुधारणांतले तेच लॉर्ड मिंटो. १८९८ ते १९०४ या काळात ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते आणि तिथल्या लॅक्रॉस विजेत्यांसाठी त्यांनी हा चांदीचा करंडक दिला. १९०५ मध्ये ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले, आणि टिळकांना मंडालेला धाडलं गेलं ते त्यांच्याच कारकिर्दीत. कॅनडातली एकोणीस-वीस वर्षांची मुलं दर उन्हाळ्यात ज्या माणसाच्या नावासाठी काँक्रीटवर गुडघे फोडून घेतात, तो आपल्याकडे असा आठवला जातो.

जागतिक स्पर्धा २००३ मध्ये ओंटॅरिओत सुरू झाली. नंतर हॅलिफॅक्स, प्राग, न्यूयॉर्क राज्य, ब्रिटिश कोलंबियातलं लँगली आणि २०२४ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क राज्यातलं युटिका. सहाही वेळा पुरुषांचं विजेतेपद कॅनडाने घेतलं. पहिल्या पाचही अंतिम सामन्यांत समोर हौदेनोशोनी संघ होता. युटिकात मात्र अंतिम फेरीत अमेरिका आली. महिलांची जागतिक स्पर्धा तिथेच पहिल्यांदा झाली. प्रागचं नाव या यादीत अपघाताने आलेलं नाही. चेक लोक हॉकीवेडे, रिंगणं त्यांच्याकडे भरपूर, त्यामुळे युरोपात हा खेळ सर्वांत घट्ट तिथे रुजला. प्रागच्या रादोतिन भागात दर वर्षी एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या स्पर्धेला जगभरातून क्लब येतात.

२०१५ ची स्पर्धा वेगळी होती. ती ओनोंडागा राष्ट्राच्या भूमीवर भरली. मूलनिवासींच्या जमिनीवर झालेली लॅक्रॉसची ही पहिली जागतिक स्पर्धा. त्याआधी पाच वर्षं, २०१० मध्ये, हौदेनोशोनी संघाला मँचेस्टरमधल्या मैदानी स्पर्धेला जाता आलं नव्हतं, कारण ब्रिटनने त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राचे पासपोर्ट मान्य केले नाहीत आणि खेळाडूंनी अमेरिकेचे किंवा कॅनडाचे पासपोर्ट वापरायला नकार दिला. विमानतळापर्यंतच तो दौरा संपला. म्हणून २०१५ मध्ये जगातले संघ आपापले पासपोर्ट घेऊन त्यांच्या दारात आले, याचं महत्त्व तिथल्या लोकांना वेगळं सांगावं लागलं नाही.

स्वतःच्या राष्ट्राच्या नावाने खेळण्याचा हा जुना प्रश्न आता आणखी मोठ्या रिंगणात गेला आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली. तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. आपल्याकडे त्या दिवशी एकच बातमी वाजली, क्रिकेटची. त्याच ठरावात लॅक्रॉसही होता. प्रकार मात्र बॉक्स नाही. सिक्सेस नावाचा नवा. सहा-सहा खेळाडू, उघडं मैदान पण लहान, ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद, ८ मिनिटांचे चार भाग, आणि ३० सेकंदांचं घड्याळ. गोल मैदानी मापाचा, कठडा नाही, काठीने आडवा धक्का नाही. गोलनंतर फेस-ऑफही नाही, गोलकीपर लगेच चेंडू बाहेर देतो. म्हणजे बॉक्सची घाई घेतली आणि भिंती मागे ठेवल्या.

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मोहॉक खेळाडूंच्या संघाने लॅक्रॉसचं कांस्यपदक जिंकलं होतं. २०२८ साठी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी हौदेनोशोनी संघाला स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं, असं जाहीरपणे म्हटलं. ऑलिंपिक समितीचं उत्तर नियमाचं होतं: संघ पाठवण्याचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांना आहे, आणि हौदेनोशोनींची तशी समिती नाही. खेळायचं तर कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या जर्सीत. जागतिक बॉक्स स्पर्धेत मात्र २००३ पासून प्रत्येक वेळी ते स्वतःच्याच नावाने उतरले आहेत.